विश्वासएमआरचं म्हातारपण

भाच्याने विमानाचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वर एक ओळ, "मामा, सगळं आहे त्यात." होतंच. तेरा आकडी तिकीट नंबर, सहा अक्षरी पीएनआर, आणि त्यात मधोमध ओ की शून्य, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 2008 च्या जूनपासून विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने लाल कार्बनची कागदी तिकिटं बंद केली. तेव्हापासून तिकीट हरवत नाही, फक्त कळत नाही.

सुटायची वेळ 00:25, वार रविवार. म्हणजे शनिवारी जेवून निघायचं, हे हिला पटवताना जेवण गार झालं. नावाच्या जागी आडनाव, तिरकी रेघ आणि पुढे 'विश्वासएमआर'. मिस्टर शेपटासारखा चिकटलेला. दारावरच्या जवानाने आधार कार्ड पाहिलं, तिकीट पाहिलं, मग मला निरखलं. मी चेहरा शक्य तितका विश्वासएमआरसारखा केला.

आत गेल्यावर कळलं, विमान लेट आहे. अशा वेळी माणूस तिकीटसुद्धा शेवटपर्यंत वाचतो. भाड्याखाली वायक्यू म्हणजे इंधनाचा अधिभार, के3 म्हणजे जीएसटी, 5 टक्के. शिवाय विमानतळ वापरल्याचे पैसे आणि सुरक्षेचे पैसे. म्हणजे त्या जवानाने माझ्यावर घेतलेल्या संशयाचं बिलही मीच भरलं होतं.

तरी बरं, हे सगळं निदान प्रवासाच्या आसपास घेतात. पीएफचं तसं नाही. निवृत्ती जवळ आली की माणूस उगाचच पासबुक उघडून बघतो, तसं मी तिथेच मोबाइलवर उघडलं. त्यात 'करपात्र' असा वेगळा हिशेब. आपल्या पगारातून वर्षाला अडीच लाखांवर जे कापून घेतलं, त्याच्या व्याजावर 1 एप्रिल 2021 पासून कर आहे. कर दरवर्षी, पैसे मात्र निवृत्त झाल्यावर.

तेव्हा बातम्यांत आलं होतं, एकाच्या पीएफ खात्यात 103 कोटी आहेत म्हणून. एवढी तरतूद लागते म्हणजे त्याचं म्हातारपण चांगलंच लांबलचक असणार. लावा त्याला कर, मी टाळ्या वाजवीन. पण मग कर लावताना एकूण शिल्लक बघा ना! महिन्याला 21 हजार कापले गेले की अडीच लाखांची रेघ ओलांडली. शेवटच्या वर्षांत पोटाला चिमटा काढून व्हीपीएफ, म्हणजे पीएफमध्ये आपणहून भरायची जादा रक्कम, वाढवणारा मी आणि तो 103 कोटीवाला एकाच रांगेत. रेघही 2021 ची आहे तिथेच. महागाईने ती केव्हाच ओलांडली, तिला कोणी कर लावत नाही.

हे सगळं मी हिला जरा चढ्या आवाजात सांगितलं. शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले.

"म्हणजे सरकारच्या हिशेबात आपण श्रीमंत?"

"तसंच म्हणायचं."

"मग अहो, पाय पसरायच्या सीटचे जादा पैसे भरायला काय झालं होतं?"