बोल्टाची वंशावळ

आमचे प्लॅनिंगचे साहेब 'फक्त' हा शब्द उच्चारतात तेव्हा मी आधी घरी फोन करून सांगतो, जेवायला थांबू नका. त्या सोमवारी ते म्हणाले, "फक्त तीन अक्षरं वाढवायचीत." नव्या गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर १५ अक्षरांचा, आणि आमच्या सिस्टीममध्ये जागा १२ ची.

भोसरीतल्या आमच्या कारखान्याचं सगळं प्लॅनिंग एएस/४०० या कॉम्प्युटरवर चालतं. आयबीएमनं हे यंत्र १९८८ साली आणलं. पुढं त्याची नावं बदलली, आम्हीही खोकी बदलली, पण व्हीटीला व्हीटीच म्हणणारी माणसं आपण. एएस/४०० ते एएस/४००. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसला काम नाही. बंद पडलेलं मात्र मी कधी पाहिलेलं नाही, हे मान्य करायला हवं. बंद पडतो तो मी.

त्यात एमआरपी आहे. छापील किंमत नव्हे, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग: कुठला माल किती आणि कधी लागेल याचा हिशेब. जोसेफ ऑर्लिकी या गृहस्थांनी १९७५ साली पुस्तक लिहून जगाला समजावलं, की १०० मोटारसायकली बनवायच्या ठरल्या की चाकांचा अंदाज बांधत बसू नका, हिशेब करा. आमची सिस्टीम तो हिशेब रोज रात्री करते. एम८ चा बोल्ट कुठल्या कुठल्या असेंब्लीत जातो, असं विचारा. 'वेअर-यूज्ड' दाबताच दोन सेकंदांत त्याचे आईबाप, आजे, पणजे रांगेत उभे करते.

मी तिला विचारलं, बाई, तुझी स्वतःची आयटम मास्टर फाइल, सगळ्या पार्टांची नोंदवही, जिला तू आयटीएमएसटी म्हणतेस, ती कुठल्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये जाते? काही नाही. कारखान्यातल्या प्रत्येक वायसरची कुंडली मांडणाऱ्या या बाईला स्वतःचं माहेर ठाऊक नव्हतं.

आणि माहेर कळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. फाइलमधलं एक फील्ड, म्हणजे रकाना, वाढवलं की तिची ओळख बदलते. जुन्या ओळखीवर कंपाइल झालेला प्रोग्रॅम तिच्या दारात येतो, चेहरा जुळत नाही म्हणतो आणि सीपीएफ४१३१ असा संदेश टाकून जागीच बसतो. तोही दुपारी चहाच्या वेळी बसत नाही. रात्री अकराला बसतो, गेटवर ट्रक उभा आणि चलन निघत नाही, अशा वेळी.

यावर एक कमांड आहे, डीएसपीपीजीएमआरईएफ. ती म्हणता म्हणता जीभ बोबडी वळते, पण काम चोख. कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल वापरतो हे सांगते, शिवाय कशासाठी तेही: वाचायला १, लिहायला २, बदलायला ४, आणि दोन उद्योग करत असेल तर त्यांची बेरीज. माझी यादी आली २१४ प्रोग्रॅमची. तीही चालली असती. पण ३७ ठिकाणी, ज्या प्रोग्रॅमला हाक मारली त्याच्या नावाच्या जागी नुसतं 'व्हेरिएबल' होतं. म्हणजे कुणाला बोलवायचं ते हाक मारायच्या वेळी ठरणार. लग्नपत्रिकेवर 'चि. जो मिळेल तो'.

ही किमया हे प्रोग्रॅम लिहून निवृत्त झालेल्या काकांची. लावला फोन.

"काका, तो रात्रीचा जॉब नक्की कुणाला कॉल करतो?"

"दिवसावर आहे."

"म्हणजे?"

"महिनाअखेर असेल तर एक, एरवी दुसरा. आणि मार्चचं वेगळं आहे. मार्चचं मी कागदावर लिहून ठेवलंय."

"कागद कुठंय?"

"माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये."

"काका, टेबल भंगारात गेलं."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मार्च येऊ दे, कळेल."

बुधवारी संध्याकाळी साडेसातला, वडापावचा दुसरा घास तोंडात असताना, मला ती कल्पना सुचली. प्रोग्रॅम म्हणजे असेंब्ली, फाइल म्हणजे तिचा पार्ट. मग ही सगळी नाती आपल्याच सिस्टीममध्ये बिल ऑफ मटेरियल, म्हणजे असेंब्लीतल्या पार्टांची यादी, म्हणून का भरू नयेत? नवा आयटम बनवायला चाळीस रकाने भरावे लागतात. ते कोण भरणार? एम८ च्या बोल्टाची नोंद कॉपी केली आणि नाव तेवढं बदललं. बाकीचं छोटा प्रोग्रॅम लिहून आत ढकललं.

आणि वेअर-यूज्ड चाललं! दोन सेकंदांत आयटम मास्टरचं अख्खं खानदान पडद्यावर. मध्ये एकदाच अडली: तीन प्रोग्रॅम एकमेकांना गोल गोल बोलवत होते. नटाच्या पोटात असेंब्ली आणि त्या असेंब्लीच्या पोटात तोच नट, हे तिच्या पदार्थविज्ञानात बसेना. तेही काकांचेच तिघे. एकाला वगळलं, बाई शांत झाली. मी रिकाम्या ऑफिसात एकट्यानं टाळी वाजवली आणि साडेनऊची बस पकडली.

हे सगळं मी अर्थात टेस्ट लायब्ररीत, प्रयोगासाठी वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, केलं होतं. म्हणजे माझी तशी समजूत होती. एएस/४०० वर लायब्ररींची एक यादी असते. यंत्र वरून खाली शोधत जातं आणि जिथं फाइल पहिल्यांदा सापडेल ती उघडतं. टेस्ट लायब्ररी सगळ्यात वर होती. फक्त तिच्यातली आयटम मास्टर मागच्या दिवाळीत जागा हवी म्हणून कुणीतरी पुसली होती. कुणीतरी म्हणजे मीच. यंत्र निमूटपणे खाली सरकलं आणि कारखान्याची खरी फाइल उघडून दिली.

रात्री एमआरपी चाललं. बोल्टाच्या नोंदीबरोबर बोल्टाचा सप्लायर आला होता, सात दिवसांचा लीड टाइम आला होता आणि ५००० नगांचा सेफ्टी स्टॉकही, म्हणजे गोडाऊनमध्ये कायम असायलाच हवा तो साठा. गोडाऊनमध्ये शिल्लक शून्य.

सकाळी नऊ पाचला पर्चेसच्या मॅडमचा फोन.

"सर, हा आयटीएमएसटी कुठला पार्ट आहे? पाच हजार नगांची ऑर्डर गेलीय."

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"बोल्टवाले शेठ लाइनवर आहेत. भाव सांगायला तयार आहेत, ड्रॉइंग पाठवा म्हणतात. आणि विचारतायत, झिंक प्लेटिंग करायचं की ब्लॅकनिंग?"