जाळीत अडकणारं वटवाघूळ वेगळं

काका, नमस्कार. माझ्या वटवाघळांवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली, पण सवडीने लिहायचं म्हणून रात्र झाली. तुम्ही म्हणता, ‘वटवाघूळ प्रतिध्वनीवरून केसाएवढी तार ओळखतं, तर बोर्डीला आमच्या चिकूवरच्या जाळीत दर हंगामात दोन-तीन अडकतात ती कशी? पुस्तकातलं वाचून लिहू नका.’

जाळीचं तुम्ही सांगता ते खरं आहे. चूक माझी, लेखभर नुसतं ‘वटवाघूळ’ म्हणत गेलो. तुमच्या चिकूवर येतात ती फळं खाणारी. टपोरे डोळे, कुत्र्यासारखं तोंड. ती डोळ्यांनी बघतात आणि पिकल्या फळाच्या वासावर येतात. प्रतिध्वनीची विद्या त्यांच्याकडे नाही (गुहांत राहणारी काही फळखाऊ वटवाघळं जीभ टकटकवून अंधारात वाट काढतात, तेवढा अपवाद). मग काळोखात नायलॉनचा धागा त्यांना दिसायचा कसा?

मी लिहिलं ते किडे खाणाऱ्या, कौलांच्या फटीत राहणाऱ्या चिमुकल्यांबद्दल. आणि ते नुसतं वाचलेलं नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर दिव्याच्या खांबाखाली मित्राचं बॅट डिटेक्टर घेऊन बसलो होतो. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचं ऐकू येत नाही, आणि या वटवाघळांच्या हाका बहुतेक त्यापलीकडच्याच. हे यंत्र तो आवाज खाली उतरवून ऐकवतं. आधी सावकाश टक... टक... टक. वटवाघूळ पतंगाकडे वळलं की टकटक दाट होत गेली आणि शेवटी कापड टरकावं तशी एकच टर्रर्र! पतंग गायब. त्या टर्रर्रमध्ये सेकंदाला दीडशेच्या वर हाका असू शकतात. मीटरभरावरच्या किड्याचा प्रतिध्वनी परतायला सेकंदाचा हजारावा भाग जेमतेम सहा वेळा सरतो, तेवढ्यात त्याला दिशा नि अंतर कळतं. मी एक बारीक खडा वर उडवला. ते झेपावलं, अगदी जवळ आलं आणि वळून गेलं.

तारेचं म्हणाल, तर डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलॅम्बोस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1940च्या सुमारास खोलीत तारा टांगून हेच तपासलं. डोळे झाकले तरी वटवाघळं तारा चुकवत. कान किंवा तोंड बंद केलं की धडकत.

आमच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेत घरटी करणाऱ्या पाकोळ्या तर पक्षी, तरी काळोखात टकटक करूनच घरटं गाठतात. ती टकटक मात्र आपल्यालाही ऐकू येते.

आता तुमच्या जाळीचं. सैल, मोठ्या भोकांची जाळी काढाच. करंगळीसुद्धा आत जाणार नाही अशी, जाड धाग्याची पांढरी जाळी ताणून बांधा. एखादं अडकलंच तर उघड्या हाताने धरू नका, जाड टॉवेल टाकून धागा कापा. लेखातली दुरुस्ती आत्ताच केली आहे.