समोर डावखुरा पिचर, म्हणून उजवा आउटफिल्डर?

डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) आला की उजव्या हाताने बॅटिंग करणारा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) उतरवायचा, हे अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये आता पाठांतरासारखं झालंय. नियम खोटा नाही. पण ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) तो डोळे मिटून लावला की सामने हातचे जातात, असं माझं ठाम मत आहे.

डावखुऱ्याचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) डावखुऱ्या बॅटरपासून लांब पळतो आणि उजव्याच्या आत येतो. क्रिकेटवर वाढलेले आपण इथे गोंधळतो, कारण आपला डावखुरा फिरकीपटू उलट करतो, चेंडू उजव्यापासून बाहेर काढतो. म्हणून आधी पिचरचा हात नाही, त्याचा चेंडू बघायचा. सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) आणि स्लायडरवर जगणारा असेल तर उजवा बॅटर खुशाल पाठवा. चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू) हे मुख्य अस्त्र असेल तर फायदा आटतो, कारण तो चेंडू उजव्यापासून बाहेर जात खाली पडतो.

2024 च्या डिव्हिजन सीरिजचा (प्लेऑफची एक फेरी) पाचवा सामना आठवा. डेट्रॉइटचा डावखुरा पिचर टॅरिक स्कूबल, ज्याचा चेंजअप भल्याभल्यांना खेळता येत नाही. क्लीव्हलँडने जुलैअखेरीस वॉशिंग्टनकडून आणलेला उजवा आउटफिल्डर लेन थॉमस पाचव्या इनिंगमध्ये बेसेस भरलेले असताना आला आणि पहिल्याच चेंडूवर, सिंकरवर, ग्रँड स्लॅम मारला (भरलेल्या बेसेसवर होमर, म्हणजे मैदानाबाहेरचा फटका; एकदम चार धावा). चेंजअपची वाट बघत बसला नाही. अशा पिचरसमोर सुरुवातीच्याच फास्टबॉलवर तुटून पडणारा बॅटर हवा.

निवड करताना सगळ्यात जास्त फसवतो तो यंदाचा डावखुऱ्यांविरुद्धचा आकडा. अर्धवेळ खेळणाऱ्याला मोसमात डावखुऱ्यांसमोर जेमतेम 100-150 प्लेट अपिअरन्स (बॅटिंगच्या पाळ्या) मिळतात. उजव्या बॅटरचा डावखुऱ्या आणि उजव्या पिचरसमोरच्या खेळातला स्वतःचा फरक लीगच्या सरासरीइतक्याच विश्वासाने घ्यायला सुमारे 2200 लागतात, म्हणजे बऱ्याच जणांची अख्खी कारकीर्द. त्यापेक्षा स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण, स्ट्राइक झोनबाहेरच्या चेंडूमागे धावण्याची सवय आणि ताशी 95 मैलांच्या वर मारलेले फटके बघा. हे लवकर स्थिरावतं.

आता खरी गोम. प्लेऑफमध्ये मॅनेजर बहुतेकदा स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा फिरायच्या आतच काढतात. म्हणजे तुमच्या खास माणसाला, त्या उजव्या बॅटरला, त्या डावखुऱ्यासमोर दोनदाच संधी. सहाव्या-सातव्या इनिंगला उजवा रिलीव्हर (बदली पिचर) येतो आणि तोच माणूस उजव्या स्लायडरसमोर उघडा पडतो. त्याच्या जागी डावखुरा पिंच हिटर (बदली बॅटर) पाठवलात की समोरून डावखुरा रिलीव्हर येणार. 2020 पासून रिलीव्हरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे पुढचे दोन बॅटर कोण हे आधीच मोजून ठेवायला हवं. दोन उजवे लागोपाठ असतील तर समोरचा मॅनेजर डावखुरा आणायला कचरतो.

2018 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये (अंतिम मालिका) बॉस्टनच्या सेल आणि प्राइस या डावखुऱ्या पिचरसमोर डॉजर्सनी पहिल्या दोन्ही सामन्यांत मन्सी, बेलिंजर आणि पीडरसन या डावखुऱ्या बॅटर्सना बाकावर बसवलं. दोन्ही हरले. पहिल्या सामन्यात त्यांनी बॉस्टनचा डावखुरा बॅटर डेव्हर्ससाठी डावखुरा पिचर ॲलेक्स वुड आणला; बॉस्टनने लगेच उजवा एदुआर्दो नुन्येझ पाठवला आणि त्याने तीन धावांचा होमर मारला. बाकावर योग्य माणूस राखून ठेवणं म्हणजे काय, ते हे. आणि चांगला डावखुरा बॅटर नुसत्या डाव्या-उजव्या हाताच्या हिशेबाने बाजूला पडत नाही: 2024 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सच्या उजव्या मूकी बेट्सला मुद्दाम वॉक (न खेळता पहिला बेस) देऊन यँकीजनी आपल्या डावखुऱ्या कोर्टेसला डावखुऱ्या फ्रेडी फ्रीमनसमोर उभं केलं. पहिल्याच चेंडूवर ग्रँड स्लॅम, सामना संपला.

जागांचं गणितही कडक. यादी 26 जणांची. 13 पिचर नेले तर 13 बॅटर उरतात. नऊ सुरुवातीचे, डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून. एक दुसरा कॅचर (यष्टिरक्षकासारखा). उरले तिघे. त्यातली एक जागा फक्त डावखुऱ्यांना मारणाऱ्याला देणं मला पटत नाही. तो सेंटर फील्ड सांभाळणारा हवा, नाहीतर नवव्या इनिंगला पिंच रनर (बदली धावपटू) म्हणून धावणारा तरी. दोघे तोडीस तोड असतील तर उजव्या पिचरसमोर कमी कोसळणारा घ्या, डावखुऱ्यांविरुद्धचा त्याचा आकडा थोडा कमी दिसला तरी.