आधी त्याच्या हातात बॅट तर द्या

आज लेकीला घेऊन इथे न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सची बेसबॉल मॅच बघायला गेले होते; मेजर लीगच्या खालच्या पायरीवरचा संघ. घरी आल्यापासून डोकं तापलंय.

पाहुण्या संघाचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा, धिप्पाड पोरगा, मिसरूडही नीट फुटलेलं नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने असा काही चेंडू टोलावला की लेफ्ट फील्डर जागचा हललासुद्धा नाही. पुढच्याच इनिंगला सरपटत आलेला साधा चेंडू त्याच्या पायांमधून गेला. झालं! मागच्या रांगेतला एक माणूस मॅच संपेपर्यंत त्याच्या ग्लव्हची टिंगल करत बसला. ‘याला उभा कुठे करणार?’ एवढंच पालुपद. आधीचा होमरन, आपल्या षटकारासारखा तो फटका, कुणाला आठवतच नव्हता.

मला दादा आठवला.

इचलकरंजीत दादा टेनिस बॉलवर बॅटिंगला उतरला की यंत्रमागाच्या शेडचे पत्रे वाजायचे. निवड चाचणीला गेला, तर तिथे आधी कॅच घेतले. पाचातले तीन सुटले. ‘तू बाजूला हो.’ पॅड बांधायची वेळच आली नाही. आईने इस्त्री केलेले पांढरे कपडे घडी मोडल्याशिवाय परत आले म्हणा ना.

बेसबॉलमध्ये खेळाडू हेरणारे स्काउट २० ते ८० अशा आकड्यांत पोरांना तोलतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. ताकदीसमोर ७० लिहिलेलं असलं तरी क्षेत्ररक्षणासमोरचे ३५ बघून लोक नाक मुरडतात. अरे, पीट अलोन्सोचं काय झालं ते विसरलात? २०१८ मध्ये बिंगहॅम्टन आणि लास व्हेगास या खालच्या लीगच्या संघांकडून मिळून त्याने ३६ होमरन मारले. तरी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला वर मेजर लीगमध्ये बोलावलं नाही, आणि सगळीकडे चर्चा त्याच्या क्षेत्ररक्षणाची. २०१९ मध्ये आला आणि ५३ होमरन मारले. पहिल्याच मोसमात इतके आजवर कुणीच मारलेले नाहीत!

आणि काइल श्वारबर? २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, शिकागो कब्सनी चौथ्या क्रमांकावर घेतलेला कॅचर, आपल्या यष्टिरक्षकासारखा. कॅचर म्हणून टिकला नाही, लेफ्ट फील्डमध्ये लोकांनी त्याला बोलून बोलून हैराण केलं. २०२२ पासून मेजर लीगच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगमध्येही डीएच (डेझिग्नेटेड हिटर) कायमचा आला, म्हणजे फक्त बॅटिंग करणाऱ्यालाही संघात कायमची जागा झाली. २०२५ मध्ये श्वारबरने फिलाडेल्फिया फिलीजसाठी ५६ होमरन मारले. जागा नव्हती म्हणे!

हो, चेंडू असा सुटला की तो टाकणाऱ्या पिचरचा जीव जळतो, मान्य. फर्स्ट बेसवर नुसत्या बॅटच्या जिवावर उभं राहायचं तर ती बॅट भलतीच तळपावी लागते, आणि ताकदवान म्हणून गाजलेली कितीतरी पोरं वरच्या लीगच्या स्लायडरपुढे, ऐन वेळी वळणाऱ्या चेंडूपुढे, गारद होतात, हेही खरं. पण मग तेच बघा ना! बाहेर जाणारा चेंडू तो सोडतो का? दोन स्ट्राइक झाल्यावर, तिसऱ्याला बाद होणार असताना, बॅट आवरतो का? आज या पोराने दोनदा खालचा स्लायडर शांतपणे सोडला आणि वॉक, म्हणजे चार बाहेरचे चेंडू सोडल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस, घेऊन गेला. त्याच्या भवितव्याचं उत्तर तिथे होतं, आणि मागचा माणूस तेव्हा नाचोज आणायला गेला होता.

दादाच्या वेळी तर कुणी बघायलाच तयार नव्हतं. तीन कॅच, की संपलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या दिवशी मैदानावर दीड-दोनशे पोरं होती, निवडणारे दोघं. उन्हात त्यांनी तरी किती बघायचं? तरी प्रत्येकी सहा चेंडू दिले असते तर अंधार पडला नसता. सहाच. दादाला दोन पुरले असते.

मघाशी त्याला होमरनचा व्हिडिओ पाठवला. तिकडे सकाळ, तो कारखान्यात निघाला होता. पायांतून चेंडू गेल्याचंही सांगितलं. लगेच फोन आला.

“मग पुढं बॅटिंग दिली काय गं त्याला?”

“दिली की दादा. दोनदा आला परत.”

“मग बरं झालं,” म्हणाला, आणि मागे यंत्रमाग सुरू झाले तसं पुढचं काही ऐकू आलं नाही.