नववा ए क्रॉस

परवा एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं, की मी जिथे राहतो तिथे मी राहत नाही. सांगणारा माणूस सभ्य होता, हसून बोलला, आणि मला राग त्याचाच आहे. खेकसला असता तर मी पुण्याचा आहे, तोडीस तोड उत्तर दिलं असतं. हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

प्रकरण साधं. बायकोची बदली झाली, आम्ही बिऱ्हाड उचलून बेंगळुरूला आलो, बीटीएम लेआउटमध्ये भाड्याचा फ्लॅट घेतला. पुण्यात सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केला होता, त्याचं टर्मिनेशन व्हाउचर खिशात होतं. ते इथे दाखवायचं आणि नवीन जोडणी घ्यायची. काउंटरवरच्या गृहस्थाने व्हाउचर उलटसुलट बघितलं, खूश झाला, "पुणे? नाइस प्लेस" म्हणाला आणि पत्त्याचा पुरावा मागितला.

आधारवर पत्ता पुण्याचा. म्हणून मी भाडेकरार दिला आणि घरमालकांनी व्हॉट्सॲपवर धाडलेल्या वीजबिलाची प्रिंट दिली. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेनाचं टोक एकावरून दुसऱ्यावर फिरवलं आणि करारावर थांबवलं. करारात 'नाइन्थ ए क्रॉस' (इथे मोठा रस्ता तो 'मेन', त्याला छेदणारी गल्ली ती 'क्रॉस'). बिलात नुसताच 'नाइन्थ क्रॉस'.

"आगल्ला सार, नाही होणार," तो हसून म्हणाला. "दोन वेगळे रोड आहेत."

मी म्हटलं, अहो, घर एकच आहे, मी सकाळीच तिथून निघालोय. तेव्हा माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि माझा करार उचलून घेऊन गेला.

हाताचे मालक साधारण सत्तरीचे. कपाळावर भस्माच्या रेघा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात डायरी आणि दोन पेनं, काखेत रेक्झिनची पिशवी. ते आले होते केवायसीचा अंगठा द्यायला, पण यंत्र त्यांचा अंगठा घेत नव्हतं. हात धुऊन झाले, कोरडे करून झाले, डावा झाला, उजवा झाला. यंत्राच्या मते असा मनुष्य नव्हता. "थोडा वेळ बसा, मग परत बघू," असं त्यांना सांगितलेलं होतं. म्हणजे त्यांच्याकडे वेळ होता आणि अपमानही ताजा होता. अशा माणसाच्या हाती माझा भाडेकरार पडला.

त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मोठ्याने.

"रेंट, थर्टी टू थाउजंड!" रांगेत हळहळ पसरली. हेल्मेट हातात धरलेल्या एका बाईंनी तेवढाच फ्लॅट, लिफ्टसकट, सव्वीसला घेतल्याचं जाहीर केलं. कुणीतरी विचारलं, ब्रोकर होता का? होता म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या.

"डिपॉझिट सिक्स मंथ्स." इथे अंकल थोडे नरमले. "इट्स ओके. आधी दहा महिने घ्यायचे."

हे मला ब्रोकरनेही सांगितलं होतं, मोठी सवलत दिल्याच्या थाटात. त्याला मी म्हणालो होतो, की २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं म्हटलंय. तो इतका मोकळेपणाने हसला, की मलाही हसू आलं. केंद्राने नमुना काढला, लागू करायचा तो राज्यांनी, आणि डिपॉझिट भरायचं मी. शिवाय घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार. हे अंकलनी करारातून शोधून काढलं आणि 'वन मंथ पेंटिंग, नॉन-रिफंडेबल' एवढं दोनदा वाचलं. मी भिंतीला हात लावला काय, न लावला काय, रंगाचे पैसे मीच द्यायचे. आधीच्या भाडेकरूकडूनही घेतले असणार. भिंत मात्र आम्हाला तेलाच्या डागांसकट मिळाली.

"आता नाइन्थ ए," असं म्हणत अंकलनी माझा करार उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढायला घेतला. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोन मेन आणि तीन क्रॉस काढून झाले होते. ते सर्व्हेचं काम करून निवृत्त झाले होते, त्यामुळे रेषा सरळ होत्या, एवढं मान्य करायला हवं.

"हा नाइन्थ. हा टेन्थ. मध्ये जागा होती. कुणीतरी प्लॉट पाडले, घरं आली, रोड झाला. त्याला नंबर काय देणार? दहा दिला तर दहाचा अकरा, अकराचा बारा, शेवटपर्यंत सगळ्यांची सेल डीड बदलायची. म्हणून ए."

"म्हणजे माझं घर नाइन्थ एवरच आहे ना?"

"हो."

"मग बिलात नाइन्थ का?"

"मीटर आलं तेव्हा ए नव्हता."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की काउंटरवरच्या माणसाने बिलावर आपला शिक्काच बसल्यासारखी मान डोलावली. मला वाटलं, झालं, सुटलो. तर तो म्हणाला, बरोबर आहे, पण मग मालकाचं पत्र आणा. आणि हे बिल कुणाच्या नावावर आहे?

बिल घरमालकांच्या वडिलांच्या नावावर आहे.

"मग त्यांची सही आणा."

"ते वारले."

"कधी?"

आता हे मला कसं माहीत असणार? हॉलमध्ये त्यांचा हार घातलेला फोटो आहे, तो आमच्या टीव्हीच्या वर येतो, आणि मालकांनी तो काढायचा नाही असं बजावलंय. त्या फोटोखाली तारीख नाही. अंकलनी जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. "डेथ सर्टिफिकेट पाहिजे होतं," ते मला म्हणाले. जणू पुण्याहून निघताना डबा घेतला आणि तेवढं राहून गेलं!

तेवढ्यात हेल्मेटवाल्या बाईंनी बिलाचा आकडा पाहिला. शून्य. कर्नाटकात २०२३पासून गृहज्योती योजना आहे, २०० युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट, भाडेकरूलाही मिळते. फक्त आधार जोडावं लागतं. आमच्या मीटरला आधीच्या भाडेकरूचं जोडलेलं आहे आणि तो नोएडाला निघून गेलाय. म्हणजे कराराखेरीज पत्त्याचा माझा एकुलता एक पुरावा, त्याच्यावर नाव वारलेल्या माणसाचं, सवलत घर सोडून गेलेल्या माणसाची, आणि जो रोज त्या घरात दिवे लावतो त्याचा उल्लेख नाही.

मी जरा चढ्या आवाजात हे बोलून दाखवलं. त्यावर अंकल म्हणाले, "बट वेदर इज गुड, नो?"

हे उत्तर इथे सगळ्याला मिळतं. रस्ता उकरलाय? हवा बघा. कावेरीचं पाणी दिवसाआड, टँकरवाला भाव सांगेल तो? हवा बघा. हवा चांगली आहे, कबूल. नऊशे मीटर उंचीवर शहर वसवल्यावर असणारच. पण हवेवर कुकर लागत नाही. इंडक्शनवर पोळ्या करून बघा एकदा, म्हणजे कळेल. बायको त्यांना पोळ्या म्हणायचं सोडून 'तुझा तो पदार्थ' म्हणते.

मग अंकल मूळ विषय सोडून तलावांवर गेले. बीटीएम म्हणजे ब्यारसंद्र, तावरेकेरे, मडिवाळ. ही तिन्ही गावं त्यांनी शेतांसकट पाहिली होती. मडिवाळचा तलाव निदान अजून आहे, म्हणाले. मॅजेस्टिकचा बस स्टँड जिथे आहे तो धर्मांबुधी तलाव. कंठीरवा स्टेडियम आहे तो संपंगी तलाव. आणि मॅजेस्टिक हे नाव ज्या थेटरावरून पडलं ते थेटरही पाडलं. रोज हजारो माणसं रिक्षात बसून 'मॅजेस्टिक' म्हणतात आणि नसलेल्या थेटराच्या नावाने नसलेल्या तलावात जाऊन उतरतात. त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही.

इथे खरंतर मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. घर बघताना व्हेज की नॉनव्हेज, मूळ गाव कुठलं, पाहुणे किती येतात, सगळं विचारून झालं. पोलिसांचा भाडेकरू फॉर्म भरला, सोसायटीचा भरला. गाडीला एमएच बारा पाटी, म्हणून सिग्नलला हवालदाराची नजर आधी आमच्यावर पडते. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर तिची नव्याने नोंदणी करायची, इथला रस्ता कर भरायचा, पुण्याकडून ना-हरकत आणायची आणि तिथे भरलेला कर परत मिळवायला पुन्हा पुण्याचे खेटे घालायचे. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पैसे जायला क्षण लागतो. माणूस सरकवायचा म्हटलं की झेरॉक्सवाल्याचं घर चालतं. आणि ज्यांच्याकडे करारही नाही, जे बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहतात, ते काय दाखवत असतील?

याचं उत्तर अंकलकडे होतं. पाच किलोचा छोटा सिलिंडर, म्हणाले, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. नुसतं ओळखपत्र दाखवायचं. मी काउंटरकडे वळलो. इतका वेळ हे सांगायला काय झालं होतं?

"स्टॉक इल्ला सार," तो हसून म्हणाला.

अंकलना पुन्हा यंत्रापाशी बोलावलं. अंगठा पुन्हा लागला नाही. त्यांनी तो पँटला घासला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा टेकवला. पुढच्या आठवड्यात या, असं त्यांना सांगण्यात आलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. माझा नकाशावाला करार त्यांनी घडी घालून मला दिला आणि विचारलं, पुण्यात कसं असतं हो? त्यांच्या मुलीची तिकडे बदली होणार होती, बहुतेक हिंजवडीला. गॅस वगैरे लगेच मिळतो?

"एकदम सोपं," मी म्हणालो. "एकच कागद लागतो."

"कुठला?"

"तो तिथे गेल्यावर कळतो."

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि हे लिहून घेतलं.