एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: बेसा-एल बॉडी आणि २५ मिमी लेन्स

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू आणि सोबतचे चारही फोटो नीट पाहिले. तुमचं म्हणणं असं, की आम्ही तुम्हाला व्ह्यूफाइंडरच (फोटोत काय येईल ते बघायची खिडकी) नसलेली बेसा-एल ही कॅमेऱ्याची बॉडी विकली, फोकस अंदाजाने करावा लागतो, पहिल्या रोलमधले बरेच फोटो वाया गेले आणि तेवढ्याच पैशांत चांगला एसएलआर (आरशामार्फत लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) आला असता. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘नवखा बघून पडून असलेला माल गळ्यात मारला.’ हे वाक्य लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. शिवाय वाइड लेन्ससाठी स्वस्तातली फिल्म बॉडी शोधणारे इतर लोकही हे वाचतील, आणि भलत्याच कारणासाठी एक चांगला कॅमेरा नाकारतील.

तुम्ही दुकानात आलात तेव्हा तुमची गरज अगदी स्पष्ट होती. ठाण्यातल्या जांभळी नाक्याची गर्दी, कोपिनेश्वराचं आवार, चरई-नौपाड्यातली जुनी घरं पाडली जायच्या आत फिल्मवर टिपायची होती. गल्लीत मागे सरकायला जागा नसते, हे तुमचेच शब्द. मी आधी पेंटॅक्स के१००० हा एसएलआर आणि २८ मिमी लेन्स तुमच्या हातात दिली होती. तुम्ही दारातून रस्त्यावर रोखून पाहिलीत आणि म्हणालात, अजून रुंद हवं.

इथे हिशेब बदलतो. एसएलआरला २८ मिमी लेन्स स्वस्तात मिळते, पण त्याखाली उतरलं (आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) की भाव चढतात. एसएलआरमध्ये आरसा उडायला जागा लागते, म्हणून पेंटॅक्सच्या के-माउंटमध्ये लेन्स जिथे बसते ती कडा फिल्मपासून ४५.४६ मिमी लांब असते. साध्या रचनेच्या २५ मिमी लेन्सला फिल्मच्या याहून बरंच जवळ जावं लागतं, आणि नेमका तिथे आरसा आडवा येतो. मग जास्तीची भिंगं घालून ती रचना लांबवावी लागते. लेन्स मोठी होते, जड होते, महाग होते. बेसा-एलमध्ये आरसाच नाही. तिच्या ३९ मिमी स्क्रू माउंटचं हे अंतर २८.८ मिमी आहे, म्हणून तुमची २५ मिमी एफ ४ लेन्स (एफ म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) मुठीत मावते.

ही बॉडी कोसिना कंपनीने फॉक्टलेंडर या नावाखाली १९९९ मध्ये काढली, ती १५ आणि २५ मिमीच्या लेन्स वापरणाऱ्यांसाठीच. तिच्यात व्ह्यूफाइंडर आणि रेंजफाइंडर (फोकससाठी अंतर मोजणारी यंत्रणा) मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण या लेन्सना त्यांचा उपयोग नव्हता आणि त्याने किंमत मात्र वाढली असती. १९५४ च्या लायका एम३ च्या फाइंडरमध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्याच चौकटी दिसतात. म्हणजे लायका घेतला असतात तरी २५ मिमीसाठी वर वेगळा फाइंडर लावावाच लागला असता. तो फाइंडर आम्ही तुम्हाला लेन्ससोबत दिलेला आहे. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून इथे करतो.

राहता राहिली शटर आणि उजेड मोजणाऱ्या मीटरची गोष्ट. शटर यांत्रिक आहे, १ सेकंदापासून १/२००० पर्यंत, सेल संपले तरी चालतं. मीटर लेन्समधून आलेला प्रकाश मोजतं आणि त्याचे दिवे मागच्या बाजूला दिसतात. याहून स्वस्त म्हणजे रशियन झॉर्की ४. तिला हीच लेन्स बसते, पण मीटर नाही, शटरच्या कापडी पडद्याला बऱ्याचदा भोकं पडलेली असतात आणि शटर न ओढता स्पीड फिरवला तर यंत्रणा बिघडते. पहिलाच फिल्म कॅमेरा घेणाऱ्याला मी ती देत नाही.

आता फोकस. तुमची खरी नाराजी इथेच आहे आणि इथेच या कॅमेऱ्याची गंमतही आहे. २५ मिमी लेन्स एफ ११ वर ठेवा, रिंग २ मीटरवर आणा. साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ५० मिमीला त्याच एफ ११ वर अनंतापर्यंत स्पष्ट हवं असेल तर जवळची हद्द पावणेचार मीटरच्या पुढे जाते, म्हणून तिथे रेंजफाइंडर लागतो. आयएसओ २०० चा (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) रोल आणि कडक ऊन असेल तर एफ ११ ला १/५००, आणि मोकळ्या सावलीत त्याच एफ ११ ला १/६०. दिवसाउजेडी रिंगला हात न लावता अख्खा रोल काढता येतो. बाजारात माणूस समोर आला की कॅमेरा उचलायचा आणि बटण दाबायचं, तो थांबेपर्यंत वाट पाहायची नाही. एसएलआरवर वाइड लेन्सने फोकस करून पाहा. फाइंडरमध्ये सगळंच थोडंथोडं स्पष्ट वाटतं आणि नक्की कुठे थांबायचं ते कळत नाही.

तुमचा जेवणाच्या टेबलाचा फोटो बघा. चेहरे पुसट आहेत, पण खिडकीबाहेरची समोरची बिल्डिंग रेखीव आली आहे. म्हणजे लेन्स बरोबर आहे, रिंग अनंतावर होती. घरात लेन्स पूर्ण उघडून एफ ४ वर अनंत ठेवलं तर पाच मीटरच्या आतलं काही स्पष्ट येणार नाही. तिथे रिंग २ मीटरवर हवी, की साधारण दीड ते सव्वातीन मीटरमधली माणसं बरोबर येतात.

मित्राचं डोकं वरून कापलं गेलं, कारण फाइंडर लेन्सच्या काही सेंटिमीटर वर बसतो. एक मीटरवर या लेन्सला फक्त ९६ सेंटिमीटर उंचीचा भाग दिसतो, तिथे एवढा फरकही जाणवतो. जवळचा फोटो काढताना डोक्यावर थोडी जास्त जागा सोडा. लांबच्या फोटोत हा प्रश्न येत नाही.

तलावपाळीचा फोटो काळा पडला तो आभाळामुळे. रुंद लेन्समध्ये आभाळ भरपूर शिरतं आणि मीटर त्या उजेडाला भुलतं. कॅमेरा खाली झुकवून घाटाच्या पायऱ्यांवर मीटर घ्या, सेटिंग तसंच ठेवा आणि मग वर उचलून फोटो काढा. गडकरी रंगायतनाच्या भिंती आत झुकल्यात, कारण कॅमेरा वर रोखलेला होता. कोणत्याही बॉडीवर हेच झालं असतं. कॅमेरा सरळ धरा, खाली रस्ता जास्त येऊ द्या, नंतर कापता येतो.

या बॉडीच्या मर्यादाही लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांची फसगत होणार नाही. फुलं, दागिने, अगदी जवळचे चेहरे, मुलांचे पोर्ट्रेट किंवा टेलिफोटो हवी असेल तर बेसा-एल घेऊ नका. लग्नाला तर नकोच. एकच कॅमेरा सगळीकडे न्यायचा असेल तर के१००० आणि ५० मिमी घ्या, मी स्वतः तेच काढून देईन.

तुम्हाला बॉडी-लेन्स परत करून के१००० आणि २८ मिमी घ्यायची असेल, तर बिलाची पूर्ण किंमत धरून बदलून देतो, उरलेली रक्कम हातात देतो. पण आधी निगेटिव्ह घेऊन या, स्कॅन नकोत. लाइटबॉक्सवर ठेवून एकेक फ्रेम आपण दोघे बघू. नंतर २०० चा एक रोल माझ्याकडून भरतो, जांभळी नाक्यावर चक्कर मारू, रिंग २ मीटरवर आणि ॲपर्चर एफ ११ वर ठेवून. तो रोल धुऊन आला की ठरवा. दुकान सोमवारी बंद असतं. इतर दिवशी दुपारी चारच्या आत या, उजेड चांगला मिळतो.