पोलाद वितळलंच नव्हतं: ११ सप्टेंबरच्या दाव्याचा खुलासा

सप्टेंबर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा दावा फिरतो: विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही, म्हणजे २००१ साली न्यूयॉर्कचे जुळे मनोरे सुरुंग लावूनच पाडले. वाद घालायचा तर पहिलं अर्धं वाक्य सरळ मान्य करा. पोलाद वितळायला सुमारे १,५०० अंश सेल्सिअस लागतात. ती आग फार तर १,००० च्या आसपास होती.

पण वितळायची गरजच नव्हती. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याला नको, तो ओतकामाचा माणूस, लोहाराला विचारा. लालबुंद पहार न वितळताच वाकते. ६०० अंशांना पोलादाची ताकद जवळपास निम्मी उरते. धडकेने अग्निरोधक थर उडाला, तापलेले मजले खचले आणि त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. दक्षिण मनोरा ५६ मिनिटांत कोसळला, उत्तरेचा १०२ मिनिटांत.

लगेच प्रश्न येईल, "मग सात नंबरची इमारत?" रास्त आहे, मनोऱ्यांशेजारची ही इमारतही त्याच दिवशी कोसळली, पण तिला विमान धडकलंच नव्हतं. ती ४७ मजली इमारत सुमारे सात तास जळली, खालच्या मजल्यांवरच्या फवाऱ्यांना पाणी नव्हतं. तापून लांबलेल्या तुळयांनी मुख्य तुळई बैठकीवरून ढकलली आणि ७९ क्रमांकाचा खांब वाकला. २००८ च्या सरकारी अहवालात २.२५ सेकंदांचं मुक्त पतनही, म्हणजे खाली काहीच अडवत नसल्यासारखं पडणं, मान्य केलंय. हे आपणहून सांगा, लपवलंत तर तिथेच पकडतील. आठेक मजल्यांचे बाहेरचे खांब आधीच वाकल्यामुळे तेवढा वेळ अडवायला काही उरलं नव्हतं.

आणि एका वेळी एकच मुद्दा, कागदावर लिहून.